फास्ट म्हणजे काय?

चातुर्मास लागला की दहिसरच्या आपल्या वस्त्यांमध्ये एक इंग्रजी शब्द दिवसभरात इतक्या निरनिराळ्या अर्थांनी कानी पडतो, की त्याची एकदा नीट चौकशी केलेली बरी. सकाळी फलाटावर कोणी घाईने विचारतो, ‘ही फास्ट आहे का?’ इंग्रजी शाळेत जाणारी नात मैत्रिणीला फोनवर सांगते, ‘आज आजीचा फास्ट आहे.’ दुकानात साडीचा पदर बोटांत चोळून गिऱ्हाईक विचारते, ‘रंग फास्ट आहे ना?’ आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून आजोबा म्हणतात, ‘ते पाच मिनिटे फास्ट आहे, घाई करू नका.’ इंग्रजी व्याकरण यांपैकी आजीच्या फास्टला नाम म्हणेल आणि बाकीच्यांना विशेषण. आपल्याला त्या भेदाशी फारसे कर्तव्य नाही. प्रश्न असा, की धावणारी गाडी, न धावणारा रंग आणि न जेवणारी आजी यांना एकाच शब्दाने का बांधावे?

मराठीत ‘कर’ म्हणजे हातही आणि सरकारला द्यावयाचा पैसाही. ‘वर’ म्हणजे नवरदेवही आणि माथ्यावरची दिशाही. तसाच हा योगायोग असेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. हे सगळे फास्ट एकाच घरातले आहेत.

आपल्याला पहिला आठवतो तो वेगाचा अर्थ. पश्चिम रेल्वेच्या काठावर राहणाऱ्यास दुसरे काय आठवणार! चर्चगेटहून निघालेली विरार फास्ट मधली लहान स्थानके गाळीत बोरिवलीपर्यंत येते आणि त्यापुढे बहुतेक प्रत्येक स्थानकावर थांबत जाते. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतले या मार्गावरचे शेवटचे स्थानक असलेल्या दहिसरच्या माणसाची फास्ट गाडी अशी घर एका स्थानकावर आले असता धीमी होते. रेल्वेच्या मराठी उद्घोषणेत ‘जलद’ आणि ‘धीमी’ असे दोन चांगले शब्द आहेत; परंतु उद्घोषणा संपताच शेजारचा माणूस विचारतो ते ‘फास्ट की स्लो?’ असेच.

वेगाचा हा अर्थ मात्र त्या शब्दाच्या आयुष्यात उशिरा आलेला आहे. जुन्या इंग्रजीत फास्ट म्हणजे घट्ट, पक्का, जागचा न हलणारा. जर्मन भाषेत त्याचे भावंड ‘फेस्ट’ आजही त्याच अर्थाने नांदते. इंग्रजीतही जुना अर्थ कोपऱ्याकोपऱ्यांत टिकून आहे. विमानात पट्टा ‘फासन’ करावयास सांगतात, म्हणजे घट्ट बांधावयास. गाढ झोपलेल्यास इंग्रज ‘फास्ट अस्लीप’ म्हणतो, तेव्हा झोपेच्या वेगाबद्दल त्याला काही म्हणावयाचे नसते. ‘फास्ट फ्रेंड’ म्हणजे जिवलग, पक्का मित्र. शाळकरी मुले त्याचे भाषांतर ‘वेगवान मित्र’ असे करतात आणि पालक हसतात, पण हसण्याआधी किती पालकांना खरा अर्थ ठाऊक असतो, हे विचारू नये! ‘हार्ड अँड फास्ट’ नियम म्हणजे न बदलणारा नियम. हा शब्दप्रयोग वाळूत रुतून बसलेल्या जहाजावरून आला. रुतलेले जहाज आणि विरार फास्ट यांना एकच विशेषण लागते, ही इंग्रजीची गंमत.

मग रुतण्यातून धावणे कसे निघाले? जोराने, नेटाने, न सोडता पळणाऱ्यास ‘घट्ट पळतो आहे’ असे म्हणण्याची रीत पडली. पाठलाग करणारा पुढच्याला सोडीत नाही, त्याला चिकटून राहतो; तो ‘फास्ट’ धावतो. हळूहळू चिकाटीचा अर्थ गळून गेला आणि उरला तो वेग. आता हे परके वाटत असेल, तर मराठीतल्या ‘धरणे’ या क्रियापदाकडे पाहावे. ‘गाडीने वेग धरला’ असे आपण सहज म्हणतो. ‘पावसाने जोर धरला’, ‘त्याने गावची वाट धरली’, ‘बाईंनी मौन धरले’, आणि त्याच दमात ‘आईने उपवास धरला’. पकडून ठेवण्याच्या एकाच क्रियेतून आपल्या भाषेनेही वेग काढला आणि व्रतही काढले. इंग्रजीतला उपवासाचा ‘फास्ट’ जन्मला तो असाच. नियम घट्ट धरणे, पाळणे, स्वतःला बांधून घेणे हा त्याचा आरंभीचा भाव. अन्नाचा त्याग हा त्यातून पुढे ठरलेला अर्थ. पच्चक्खाण घेणाऱ्या श्रावकास हे वेगळे सांगावयास नको. त्या दिवशी ताटात काय नव्हते यापेक्षा काय घट्ट धरले होते, याला तेथे महत्त्व आहे.

येथे एक गोष्ट केवळ मौजेची म्हणून सांगतो. तिच्यावर कोणी सिद्धान्त उभारू नये. जुन्या इंग्रजीत ‘फास्ट बाय’ म्हणजे अगदी लगत, जवळ. आणि आपल्या ‘उपवास’ शब्दातला ‘उप’ म्हणजेही जवळ. आत्म्याच्या जवळ वास करणे ही त्याची आपल्याकडची सुपरिचित फोड. दोन्ही भाषांचा येथे परस्परांशी काही व्यवहार झालेला नाही, पण दोघींची घरे शेजारी निघाली.

याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो फारसा भला नाही. इंग्रजीत तीनएकशे वर्षांपूर्वीपासून चैनी, बेताल वागणाऱ्या माणसासही ‘फास्ट’ म्हणू लागले. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ बांधलेला, तोच सुटलेल्यासाठी! हा अर्थ आपल्या विवाहविषयक बोलण्यांतही शिरला आहे. ‘मुलगी चांगली आहे, पण जरा फास्ट वाटते,’ असे दबक्या आवाजात सांगितले जाते. तिचा गुन्हा बहुधा एवढाच, की ती स्पष्ट बोलते आणि रात्री साडेनऊच्या गाडीने कामावरून परतते. याच कारणासाठी मुलास कोणी फास्ट म्हटल्याचे ऐकिवात नाही. हा शब्द या कामी वापरणे आपण सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साडीच्या दुकानातला फास्ट मात्र जुन्या, अस्सल अर्थाचा. फास्ट रंग म्हणजे पक्का रंग. पाण्याने, घामाने, उन्हाने न सुटणारा. कापडाच्या धंद्यातल्या मंडळींना ठाऊक आहे, की या पक्केपणाला क्रमांक असतात. धुण्यात टिकण्याची प्रत १ ते ५ अशी मोजतात, उन्हात टिकण्याची १ ते ८. आकडा जितका मोठा तितका रंग पक्का. ज्या समाजातील कित्येक घरांची चूल कापडाच्या गाठींवर पेटली, त्याला यात नवल नाही. नवल याचे, की अशीच एक श्रेणी आपल्या कर्मग्रंथांनी फार पूर्वी लावून ठेवली आहे आणि तीही रंगांचीच. लोभाच्या चार प्रती सांगताना श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरा रंग आणि डाग यांचे दृष्टान्त देतात. सर्वांत सौम्य, संज्वलन लोभ हा हळदीच्या रंगासारखा. उन्हात टाकला की उडाला. सर्वांत चिवट, अनंतानुबंधी लोभ हा कृमिरागासारखा, म्हणजे किड्यांपासून काढलेल्या किरमिजी रंगासारखा. कापड फाटेल, पण तो जाणार नाही. मधल्या दोन प्रतींचे दृष्टान्त काजळी, चिखल, वंगण, अंगाचा मळ असे ग्रंथपरत्वे थोडे बदलतात, पण दोन टोके सारखीच आहेत. घरातल्या बाईला हळदीचा डाग कसा जातो हे माहीत असते. शास्त्रकारांनी तिच्याच अनुभवावर कर्माचे गणित बसवले. साडीला जो पक्केपणा शोभतो तो लोभाला शोभत नाही, हे सांगण्यासाठी याहून सोपा दाखला मला तरी सुचत नाही.

आता पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत जाऊ, कारण तेथे हा शब्द एकाच खिडकीवर दोन रूपांत भेटतो. क्षयरोगाच्या थुंकीतपासणीच्या अहवालावर ‘एएफबी’ अशी अक्षरे असतात. त्यातला ‘एएफ’ म्हणजे ‘ॲसिड फास्ट’. अनेकांना वाटते, की आम्लामुळे लवकर वाढणारे ते जंतू असावेत. वस्तुतः क्षयाच्या जंतूभोवती मेणासारखे कवच असते. त्याला चढवलेला तांबडा रंग आम्लाने धुतला तरी सुटत नाही. साडीवाल्याचाच अर्थ हा. आणि वाढीच्या बाबतीत तर तो जंतू जंतूंमध्ये मोठा संथ. प्रयोगशाळेत तो वाढून दिसण्यास आठवडे लागतात. नावात फास्ट, चालीत स्लो.

त्याच खिडकीवरचा दुसरा शब्द म्हणजे ‘फास्टिंग’. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीशी त्याचा थेट संबंध असल्याने त्याकडे नीट पाहिले पाहिजे. मात्र त्याआधी घड्याळाचा फास्ट उरकून घेऊ, कारण आपले खाणे आणि न खाणे घड्याळावरच चालते.

घड्याळ फास्ट म्हणजे आपले साधे ‘पुढे’. मुंबईने एकेकाळी अख्ख्या देशाच्या घड्याळाला फास्ट ठरवले होते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. मुंबईकरांना ते मानवले नाही; महानगरपालिकेने तर आपली मुंबई वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली. रेल्वेचे घड्याळ एक, पालिकेचे दुसरे, अशी दोन वेळांची नगरी होती ही. सूर्य अर्थात दोघांचेही ऐकत नव्हता. आपली नवकारशी आजही त्याचेच ऐकते: सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. म्हणून पंचांगात मुंबईची वेळ निराळी आणि अहमदाबादची निराळी छापावी लागते. आणि इंग्रज ज्याला ब्रेकफास्ट म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ रात्रीचा उपवास सोडणे. त्याच्या घरी तो अर्थ केव्हाच विसरला गेला. ज्याने सूर्यास्ताला चोविहार केला आणि सकाळी नवकारशी पाळली, त्याच्या घरी मात्र तो अक्षरशः खरा असतो. शेजारच्या मीरा रोडला रमजानमध्ये रोजा ठेवणारे घर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करते, चोविहाराचे घर सूर्यास्तापासून. एकाचा दिवस, दुसऱ्याची रात्र; इंग्रजीत दोन्ही फास्टच.

येथेच या शब्दाची अडचण सुरू होते. तो घट्टपणा सांगतो, पण काय घट्ट धरले आहे ते सांगत नाही. आपल्याकडे बियासणा आहे, एकासणा आहे, आयंबिल आहे. तिविहार उपवास आणि चोविहार उपवास आहे. अठ्ठाई आहे, मासखमण आहे, वर्षीतप आहे. दिगंबर घरांत एकाशन आणि प्रोषधोपवास आहेत. शेजारच्या वैष्णव घरातील एकादशीला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे चालतात आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ अशी थट्टा ते स्वतःच करतात. आपल्या उपवासात तो बटाटा बसत नाही. इंग्रजी या सर्वांना एका पोत्यात भरते.

हा गोंधळ घरापुरता राहिला असता, तर हसून सोडून देता आला असता. पण २०१५ साली तो न्यायालयाच्या दाराशी गेला. १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा अथवा सल्लेखना हे आत्महत्येच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या तीन आठवड्यांत इंग्रजी वृत्तपत्रांनी संथाऱ्यासाठी सर्रास वापरलेला शब्दसमूह होता ‘फास्ट अनटू डेथ’, म्हणजे मराठी वृत्तपत्रे ज्याला आमरण उपोषण म्हणतात तो. निकाल भाषांतरामुळे लागला, असे म्हणणे अर्थातच बरोबर नाही. तेथे घटनेचे आणि फौजदारी कायद्याचे खरे प्रश्न होते व विचारी माणसांची त्यांवर आजही भिन्न मते आहेत. परंतु सामान्य वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहिले, ते मागणीचा फलक लावून बसलेल्या उपोषणकर्त्याचे.

या ठिकाणी मराठी भाषा इंग्रजीहून श्रीमंत आहे. आपण उपवास निराळा म्हणतो, उपोषण निराळे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, ते उपोषण. त्याला मागणी होती. ती मान्य होताच ते सुटणार होते, आणि सुटले. कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना धारण केली आणि ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबरला देह ठेवला. निपाणीजवळच्या भोजगावचे ते; मराठी-कानडी सीमेवरील आपल्या कितीतरी घरांत त्या दिवसांच्या आठवणी सांगितल्या गेल्या आहेत. तेथे कोणाकडे कसलीही मागणी नव्हती. पवनारला नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न आणि औषध नाकारून देह सोडला. ज्यांच्या प्रेरणेने ‘समणसुत्तं’ हा सर्व संप्रदायांना मान्य ग्रंथ १९७४ साली सिद्ध झाला, त्यांच्या शेवटच्या दिवसांना उपोषण म्हणणे मराठी माणसाच्या जिभेवर येत नाही. इंग्रजीत मात्र तिघांसाठीही एकच शब्द पुढे येतो. संमतीने, क्रमाक्रमाने, गुरूच्या अनुज्ञेने सोडणे आणि अट घालून बसणे यांतला भेद सांगावयाचा, तर इंग्रजी बोलतानाही ‘संथारा’ हा शब्द तसाच ठेवावा आणि पुढे दोन वाक्यांत तो समजावून द्यावा. योग, कर्म, अहिंसा हे शब्द इंग्रजीने घेतलेच आहेत की!

आता राहिलेला ‘फास्टिंग’. साखरेच्या तपासणीत या शब्दाचा अर्थ अगदी नेमका असतो: किमान आठ तास अन्न नाही, साधे पाणी चालते. त्यावर आकडे वाचले जातात. १०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ असेल तर सावध, १२६ किंवा अधिक पुन्हा आढळले तर मधुमेह. आता पर्युषणात आजी खिडकीशी उभ्या आहेत. मुलगा विचारतो, ‘आजी, फास्टिंगच आहात ना?’ आजी समाधानाने म्हणतात, ‘हो रे बाळा, परवापासून.’ दोघांचेही बोलणे खरे आहे आणि दोघांनाही एकमेकांचे कळलेले नाही. पूर्ण उपवास हा आदल्या सूर्यास्तापासून तिसऱ्या दिवसाच्या नवकारशीपर्यंत, सुमारे ३६ तासांचा. त्यानंतरचा आकडा नेहमीच्या आठ-दहा तासांच्या आकड्याशेजारी मांडून तुलना करणे योग्य नाही. उलट ज्या काकूंनी आयंबिल केले, त्यांनी तूप, तेल, दूध, दही, गूळ वर्ज्य केले असले, तरी एकवेळ धान्य आणि डाळ पोटभर घेतली आहे. त्यांचा ‘फास्ट’ वेगळाच.

अहवालातला आकडा चुकला तर तपासणी पुन्हा करता येईल. औषधाचे तसे नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसतानाही आपले काम करीतच राहतात. साखर ७० च्या खाली घसरली की घाम, थरथर, भोवळ आणि पुढे शुद्ध हरपणे, हे सर्व घडू शकते. चोविहारात पाणीही नसल्याने रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा हिशेब बदलतो. डॉक्टर मराठी असले, तर ‘उपवास’ ऐकून त्यांच्या डोळ्यांपुढे खिचडीची बशी येते. इंग्रजीत ‘फास्ट’ ऐकून बहुधा रात्रीचे आठ तास. दोन्ही वेळा ते आपल्या समजुतीप्रमाणे गोळी लिहून देतात, आणि आपणही आपल्या समजुतीप्रमाणे ती घेतो किंवा टाळतो. तप करणाऱ्याची ही गोष्ट लपविण्याची वृत्ती असते, असा अनुभव पुष्कळ सुनांना आहे. ‘डॉक्टर नाही म्हणतील’ ही भीती त्यामागे असते. काही वेळा ते खरोखरच नाही म्हणतील, आणि मग तपाचा प्रकार बदलण्याविषयी महाराजसाहेबांशीच बोलावे. शक्तीनुसार तप करावे, असे तेही सांगतात.

म्हणून पर्युषणाच्या आधीच्या आठवड्यात घरातील एखाद्याने आजी-आजोबांबरोबर दवाखान्यात जावे आणि फास्ट हा शब्द तेवढ्यापुरता बाहेर ठेवावा. कागदावर मराठीत चार ओळी लिहून न्याव्यात: अन्न केव्हापासून केव्हापर्यंत नाही, पाणी चालते की नाही, चालत असल्यास उकळलेले आणि किती वाजेपर्यंत, जेवण असेल तर दिवसातून किती वेळा व कशाचे, पारणे कोणत्या दिवशी, किती वाजता. त्याखाली सध्याच्या गोळ्यांची नावे, आणि प्रत्येक नावापुढे डॉक्टरांना लिहिण्यासाठी जागा मोकळी.